अप्लॉज

हॉलिवूडचा आरंभीचा बोलपट (१९२९). निर्मिती पॅरामाउंट, दिग्दर्शन रूबेन मामुलियन, छायालेखन जॉर्ज फोल्सी. बेथ ब्राउन यांच्या कादंबरीवरून पटकथा गॅरेट फोर्ट यांनी लिहिली. चित्रीकरण न्यूयॉर्कमधील अ‍ॅस्टोरिया स्टुडिओत झाले.

नाच, विनोद आणि अंगप्रदर्शन यांवर चालणाऱ्या स्वस्त बर्लेस्क खेळांची नटी किटी डार्लिंग (हेलन मॉर्गन) उताराला लागली आहे. मुलगी एप्रिल (जोन पिअर्स) हिला तिने या जगापासून दूर, कॉन्व्हेंटमध्ये वाढवले. पण किटीच्या पैशावर जगणारा तिचा प्रियकर हिच एप्रिलला परत आणायला लावतो आणि तिच्यावरही डोळा ठेवतो. एप्रिलचे टोनी या खलाशावर प्रेम जडते. आईसाठी ती ते तोडते आणि मुलीची वाट मोकळी व्हावी म्हणून किटी जीव देते. कथा जुन्या मेलोड्रामाची आहे, हिच तर निव्वळ काळा रंगवला आहे. चित्रपट मोठा ठरतो तो त्याच्या आवाजामुळे.

त्या काळी कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून तो बंद खोक्यात ठेवत, त्यामुळे बोलपटांतली हालचालच थिजली होती. रंगभूमीवरून आलेल्या मामुलियन यांचा हा पहिलाच चित्रपट. त्यांनी ते जड खोकेच चाकांवर फिरवले. आवाजातही त्यांनी असाच मार्ग काढला. एका प्रसंगात किटी मुलीला निजवण्यासाठी गाते, त्याच वेळी मुलगी प्रार्थना पुटपुटते. एकाच मायक्रोफोनवर पुटपुटणे गाण्याखाली बुडाले असते. मामुलियन यांनी दोन मायक्रोफोन लावून दोन स्वतंत्र ध्वनिपट्ट्या घ्यायला आणि नंतर त्या एकत्र करायला सांगितले. तंत्रज्ञांनी हे अशक्य ठरवले, पण दिग्दर्शकाने हट्ट सोडला नाही, आणि ते जमले. आईचे गाणे आणि मुलीची प्रार्थना एकमेकांना न झाकता ऐकू येतात. त्या दोघींचे नाते यापेक्षा नेमके सांगणारा संवाद चित्रपटात नाही.

ब्रुकलिन पूल, भुयारी रेल्वे अशा खऱ्या जागीही चित्रीकरण झाल्याने शहराचा गजबजाट कथेत शिरतो. 'शो बोट' या संगीत नाटकामुळे गाजलेल्या मॉर्गन यांनी स्वतः तिशीच्या आत असतानाच थकलेली, सुजलेल्या चेहऱ्याची किटी उभी केली; आपले देखणेपण लपवण्याची त्यांची तयारी आजही थक्क करते.

२००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत या चित्रपटाचा समावेश झाला.