विजेवरची अंगठी

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक खेळ प्रसिद्ध केला. चार-सहा माणसे मेजाभोवती बसतात. कोणी योद्ध्याचे, कोणी मांत्रिकाचे सोंग घेतो. सूत्रधार प्रसंग वर्णन करून सांगतो आणि पुष्कळसे निकाल फाशांवर लागतात. या सोंगांना राक्षसांइतकेच भय असते ते हिमाचे, वणव्याचे, खोल पाण्याचे आणि विजेचे. साहजिकच खेळाच्या नियमग्रंथांत या संकटांपासून राखणाऱ्या मंतरलेल्या वस्तूंची मोठीच यादी आढळते. त्यात कोणत्याही वातावरणात श्वास घेऊ देणारा कंठा आहे. त्यात उबेची अंगठी आहे. २०१४ च्या आवृत्तीप्रमाणे ती घालणाऱ्याला फॅरनहाइटच्या शून्याखाली ५० अंशांपर्यंतची थंडी बाधत नाही. विजेसाठी सायट्रिन या पिवळ्या खड्याची अंगठी आहे आणि गडगडाटासाठी स्पिनेलच्या खड्याची, अगदी वेगळी. वीज आणि गडगडाट ही दोन निरनिराळी संकटे मानण्याइतकी या नियमकर्त्यांची दृष्टी काटेकोर आहे.

विजेची अंगठी वीज टाळत नाही. वीज पडायची तशी पडते. अंगठीमुळे होणारी इजा निम्मी होते, इतकेच. शिवाय अशी वस्तू नुसती बोटात घालून चालत नाही. तासभर तिच्याशी एकचित्त व्हावे लागते, आणि अशा रीतीने वश केलेल्या वस्तू एका वेळी तीनच बाळगता येतात. तसे नसते तर प्रत्येक खेळाडूने दहाही बोटांत अंगठ्या घातल्या असत्या आणि संकटांत काही राम उरला नसता. ग्रंथात ‘निम्मी’ असा शब्द छापलेला असल्यामुळे सूत्रधारालाही त्यातून सुटता येत नाही. मानवजातीने आजवर बाळगलेल्या ताईत-तोडग्यांच्या दीर्घ इतिहासात इतके स्पष्ट आणि पडताळून पाहता येण्याजोगे वचन क्वचितच कोणी दिले असेल.

रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याचे उदाहरण घ्यावे. इ. स. पूर्व २६-२५ च्या सुमारास स्पेनमधील कँटाब्रियाच्या मोहिमेत, रात्रीच्या कूच करीत असताना, त्याच्या पालखीला चाटून वीज गेली आणि पुढे दिवा घेऊन चालणारा गुलाम जागच्या जागी ठार झाला. सम्राटाने गर्जणाऱ्या ज्युपिटरचे मंदिर रोममध्ये उभारले आणि इ. स. पूर्व २२ मध्ये त्याची प्रतिष्ठापना केली. परंतु देवावर भार टाकूनही त्याचे समाधान झाले नसावे. चरित्रकार स्युटोनियस सांगतो की तो सीलचे कातडे सदैव जवळ बाळगी आणि वादळाची चाहूल लागताच भुयारी खोलीत जाऊन बसे. त्याचा वारस टायबेरियस आभाळ भरून आले की डोक्यावर लॉरेलच्या पानांची माळ घाली. सागरी प्राण्यांत सीलला आणि वनस्पतींत लॉरेलला वीज शिवत नाही, असा त्या काळचा समज प्लिनीने नोंदवून ठेवला आहे. हे दोन्ही सम्राट विजेने मेले नाहीत. तेव्हा कातडे आणि पाने खरी ठरली, असे कोणी म्हटले असते तर त्याला खोडून कसे काढावे? गुलामाच्या अंगावर काय होते, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.

हैदराबादकडच्या वाचकांना मेघगर्जनेच्या वेळी तेलुगू घरांतून होणारा अर्जुन-फाल्गुनाच्या नावांचा घोष परिचित असेल. युरोपातील शेतकरी नांगरताना सापडलेल्या गुळगुळीत दगडी कुऱ्हाडी विजेबरोबर आकाशातून पडल्या असे समजून घरात जपून ठेवीत. या कुऱ्हाडी म्हणजे प्राचीन माणसांची हत्यारे होत, हे अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या दगडी हत्यारांशी तुलना करून आंत्वान द ज्युसिय याने १७२३ साली पॅरिसच्या अकादमीपुढे मांडले.

दगडी कुऱ्हाड निदान कोणाचा जीव घेत नव्हती. चर्चच्या घंटेची गोष्ट वेगळी. विधिपूर्वक पवित्र केलेल्या घंटेचा नाद वादळाला पांगवतो, अशी युरोपभर श्रद्धा होती आणि वीज मोडणारी म्हणून स्वतःची थोरवी सांगणारे लॅटिन लेखही कित्येक घंटांवर कोरलेले असत. पुढे पुढे आवाजाने हवा हलून ढग फुटतात असा शास्त्रीय वाटणारा अर्थही तिला देण्यात आला. जुन्या श्रद्धेला नवा अंगरखा मिळाला की तिचे आयुष्य वाढते. वीज कडाडू लागली की गावचा घंटावाला भर पावसात मनोऱ्यात धावे. गावातली सर्वांत उंच जागा ती, वर धातूचा प्रचंड ठोकळा, आणि त्याचा ओला दोर या माणसाच्या हातात! १७१८ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनी प्रांतात एकाच वादळात २४ चर्चवर वीज पडली आणि नेमक्या घंटा वाजत होत्या त्याच चर्चवर पडली, असा वृत्तांत पॅरिसच्या अकादमीकडे गेला. १७८४ साली म्युनिकमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात तर हिशेबच मांडला होता: ३३ वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि १०३ घंटावाले मेले. गावाच्या रक्षणासाठी नेमलेला माणूसच बळी जात होता आणि तरीही पुढच्या वादळात दुसरा कोणी दोर हाती घेत होता.

तोपर्यंत खरा उपाय सापडून तीस वर्षे उलटली होती. बेंजामिन फ्रँकलिनच्या सूचनेप्रमाणे १७५२ च्या मे महिन्यात फ्रान्समधील मार्ली येथे उंच लोखंडी दांड्याने ढगातील वीज खाली ओढून दाखवण्यात आली होती. घरावर टोकदार सळई उभारून तिची तार जमिनीत कशी न्यावी, हे फ्रँकलिनने १७५३ च्या आपल्या पंचांगात छापले. ही सळईदेखील वीज टाळत नाही. तिला जमिनीकडे जाण्याची निराळी वाट देते. लोकांना नेमकी हीच गोष्ट भयंकर वाटली. सेंट-ओमेर या फ्रेंच गावी द व्हिसरी नावाच्या वकिलाने १७८० साली घरावर सळई लावली, तेव्हा आपल्यावर वीज ओढवेल म्हणून शेजारी बिथरले आणि गावच्या अधिकाऱ्यांनी ती उतरवण्याचा हुकूम काढला. अपील आरासच्या न्यायालयात गेले. तेथे सळईची बाजू मांडणारा पंचवीस वर्षांचा वकील होता मॅक्सिमिलियन रोबेस्पिअर. १७८३ च्या मे महिन्यात त्याने खटला जिंकला आणि सळई पुन्हा छपरावर चढली.

व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातील उंच मनोऱ्याने शतकानुशतके विजेचे तडाखे खाल्ले होते. १७४५ च्या तडाख्याने तर त्याची फारच नासधूस झाली. १७७६ साली त्यावर सळई बसवण्यात आली. १९०२ च्या जुलैमध्ये एका सकाळी तो मनोरा कोसळला, पण विजेने नव्हे. जुन्या भिंतीला तडा गेल्यामुळे. १९१२ मध्ये तो पुन्हा बांधून पुरा झाला.