शिकारी कुत्रा आणि धन्याची हाक

एकलव्याची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु त्या कथेला कलाटणी मिळते ती एका शिकारी कुत्र्यामुळे, हे सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. पांडव मृगयेसाठी रानात गेले असता त्यांच्याबरोबरचा कुत्रा भरकटत दूर गेला आणि एका अनोळखी निषादपुत्रासमोर उभा राहून भुंकू लागला. एकलव्याने बाणांनी त्याचे तोंड बंद केले. पुराणिक या ठिकाणी धनुर्विद्येचे कौतुक करतात. कुत्र्याच्या बाजूने पाहिले तर मात्र बोध निराळा निघतो. धन्याच्या हाकेच्या टप्प्याबाहेर गेलेला कुत्रा कितीही जातिवंत असला तरी स्वतःवर संकट ओढवून घेतो. शिकारी कुत्र्याच्या शिक्षणाचा इतिहास म्हणजे बहुतांशी या एका दोषावर उपाय शोधण्याचा इतिहास होय.

भारतात ही विद्या जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कुत्री बाळगणाऱ्या पारध्यांनी अरण्यात फिरून टेहळणी करावी आणि चोर किंवा शत्रू दिसताच शंख अथवा दुंदुभी वाजवून इशारा द्यावा, असे सांगितले आहे. म्हणजे कुत्रा हा केवळ राजाच्या करमणुकीचा विषय नव्हता. राज्याच्या बंदोबस्तातही त्याला स्थान होते. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राजाच्या विनोदांचे, म्हणजे मनोरंजनांचे, सविस्तर वर्णन असून त्यांत मृगयेला आणि कुत्र्यांनाही जागा मिळाली आहे. ही कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. त्याच जिल्ह्यातील हुमनाबाद तालुक्यात हळ्ळीखेड (बी) हे गाव वसले आहे.

या दख्खनच्या माळरानाला साजेसा कुत्रा म्हणजे कारवानी. लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि उंच सडपातळ पाय ही त्याची लक्षणे. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, पश्चिमेकडून आलेल्या कुत्र्यांचा हा वंश असे परंपरा सांगते आणि त्यावरूनच त्याला हे नाव पडले असे म्हणतात. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी या जातीची जोपासना केली आणि इंग्लंडचे बादशहा पाचवे जॉर्ज यांना तिची जोडी नजर केली. तेव्हापासून ‘मुधोळ’ हेही नाव तिला चिकटले. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची जी चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा समावेश होता.

कारवानी कुत्रा वासापेक्षा दृष्टीवर शिकार करतो. दूरवर ससा हलला की त्याची नजर तेथे खिळते आणि पुढच्या क्षणी तो बाणासारखा सुटतो. त्याला धावायला शिकवावे लागत नाही. ते त्याच्या रक्तातच असते. म्हणून ‘छू’ म्हणणे कोणालाही जमते. खरी कसोटी ‘ये’ म्हणण्यात आहे. एकदा वेग घेतलेल्या कुत्र्याच्या कानांवर हाक पडूनही न पडल्यासारखी होते. त्यासाठी धाव सुरू होण्यापूर्वीच त्याला थांबविता आले पाहिजे, आणि ती सवय पिल्लूपणापासून अंगी मुरविली पाहिजे.

हाक कशी असावी, याचा विचार ग्रीक लेखक झेनोफन याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात केलेला आढळतो. शिकारी कुत्र्यांची नावे आखूड असावीत, म्हणजे हाक मारणे सुलभ होते, असे सांगून त्याने अशा नावांची लांबलचक यादीच दिली आहे. हा जुना उपदेश हळ्ळीखेडसारख्या गावात विशेष उपयोगी पडणारा आहे. या सीमाभागात मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही भाषा कानी पडतात. धन्याने ‘ये’ म्हणावे, गड्याने ‘बा’ म्हणावे आणि शेजाऱ्याने ‘आ’ म्हणावे, तर माणसांना तिन्हींचा अर्थ एकच; कुत्र्याला मात्र ते तीन निराळे आवाज. ‘थांब’, ‘निल्लु’ आणि ‘ठहर’ यांचीही तीच गत. कुत्र्याला भाषा कळत नाही, ठराविक ध्वनी कळतो. म्हणून शब्द कोणत्याही भाषेतला असो, घरातील सर्वांनी तो एकच ठरविला पाहिजे.

आज्ञा धाकाने शिकवावी की गोडीने, हा वादही प्राचीन आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात एरियन या ग्रंथकाराने वेगवान शिकारी कुत्र्यांविषयी लिहिताना, कुत्र्याला नावाने हाक मारून त्याची स्तुती करावी, कारण स्तुतीने तो हर्षित होतो, असे सांगितले. तरीही पुढे शतकानुशतके चाबूकच पुष्कळांचा गुरू राहिला. १८९८ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक याने मांजरांवरील प्रयोगांतून दाखविले की, ज्या कृतीचे फळ सुखाचे, ती प्राणी पुन्हा पुन्हा करतो. १९५१ मध्ये स्किनर याने, खाऊशी जोडलेल्या एका छोट्याशा आवाजाच्या साहाय्याने कुत्र्याला कसे शिकवावे, हे सामान्य वाचकांसाठी लिहिले. एरियनच्या अनुभवाला अशा रीतीने प्रयोगशाळेची साक्ष मिळाली.

या साऱ्याचे सार साधे आहे. पिल्लू आपण होऊन जवळ येत असतानाच ‘ये’ म्हणावे आणि येताच घास द्यावा. पुढे गळपट्ट्याला लांब दोर बांधून मोकळ्या जागेत तोच पाठ गिरवावा. शब्द एकदाच उच्चारावा. दहादा म्हटलेल्या शब्दाची किंमत उरत नाही. ‘थांब’ ही आज्ञा अन्नाच्या ताटलीपुढे आधी शिकवावी, मग दारात, मग शेताच्या बांधावर. अंतर आणि मोह ही दोन्ही हळूहळू वाढवावीत, आणि हाकेला प्रत्येक वेळी प्रतिसाद मिळू लागल्याखेरीज दोर सोडू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, उशिरा परतलेल्या कुत्र्याला कधीही मारू नये. मार पळून जाण्याबद्दल आहे, असे धनी समजतो. कुत्रा समजतो की तो परत येण्याबद्दल आहे. अशा एका माराने महिन्यांची मेहनत वाया जाते.

आज या शिक्षणाचे प्रयोजन पालटले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंध घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने देण्याची तरतूदही गेली. बिदर परिसरातील काळवीट आणि ससे यांच्यामागे कुत्रा सोडणे हा आता पराक्रम नसून गुन्हा आहे. पण कुत्र्याच्या रक्तातील धाव कायद्याने थांबत नाही. तुरीच्या शेतातून ससा उठला, अथवा भरधाव वाहनांच्या रस्त्यापलीकडे काही हलले, तर त्या क्षणी काळविटाचा जीव, कुत्र्याचा जीव आणि धन्याची अब्रू या तिन्हींचे रक्षण एकाच शब्दावर अवलंबून असते. २०१६ साली मुधोळ जातीची पिल्ले मीरत येथील लष्करी केंद्रात शिक्षणासाठी नेण्यात आली. तेथेही केवळ वेगावर भागणारे नव्हते. आज्ञेत राहणारा वेगच सैन्याच्या उपयोगाचा असतो.

एरियनने आणखी एक गोष्ट नमूद करून ठेविली आहे. खरा शिकारी ससा मारण्यासाठी कुत्री नेत नाही, तर त्यांची धाव पाहण्यासाठी नेतो, आणि ससा निसटला तर त्याला आनंदच होतो. अठराशे वर्षांपूर्वी जी एका रसिकाची वृत्ती होती, ती आज प्रत्येक कारवानी पाळणाऱ्याचे कर्तव्य झाली आहे. ‘छू’ या शब्दाचा काळ सरला. ‘ये’ या शब्दाचा मात्र आजच खरा काळ आहे.