परदेशी शिकायला जाताना आरोग्याची तयारी : लसी, औषधे आणि कागदपत्रे

जून-जुलैमध्ये दवाखान्यात एक प्रसंग हमखास घडतो. आई-वडील मुलाला किंवा मुलीला घेऊन येतात. हातात परदेशी विद्यापीठाचा लसीकरणाचा फॉर्म असतो आणि विमान आठ दिवसांवर आलेले असते. "डॉक्टर, एवढी सही हवी होती." फॉर्मवर मात्र एमएमआर लसीचे दोन डोस मागितलेले असतात आणि त्या दोन डोसांमध्ये किमान २८ दिवसांचे अंतर लागते. ते अंतर सहीने भरून निघत नाही.

व्हिसा, फी, तिकीट यांची तयारी घरोघरी महिनोन्महिने चालते. आरोग्याची तयारी मात्र शेवटच्या आठवड्यात आठवते. ती निघण्यापूर्वी किमान तीन महिने सुरू करावी. आधीपासून एखादा आजार असेल तर त्याहूनही लवकर.

लसीकरणाचे जुने कार्ड शोधा

अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठे गोवर, गालगुंड आणि रुबेला (एमएमआर) यांच्या लसीचा पुरावा मागतात. त्याशिवाय कांजिण्या, हिपॅटायटिस बी, धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला (टीडॅप) आणि वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी मेनिंगोकोकल लसही मागितली जाऊ शकते. प्रत्येक विद्यापीठाची यादी वेगळी असते, त्यामुळे फॉर्म हाती येताच डॉक्टरांना दाखवा.

आपल्याकडे इथे एक अडचण येते. सरकारी लसीकरणात गालगुंडाची लस नसते. महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस शाळांमधून जी मोहीम झाली, तीही गोवर-रुबेलाचीच होती. त्यामुळे "सगळ्या लसी झाल्यात" हे खरे असले तरी फॉर्मवरचा गालगुंडाचा रकाना रिकामा राहू शकतो.

कार्ड हरवले असेल तर दोन मार्ग आहेत:

- रक्तातील प्रतिपिंडांची (आयजीजी) तपासणी करून प्रतिकारशक्ती असल्याचे दाखवणे. विद्यापीठ ती स्वीकारते का, हे आधी विचारा.
- लस पुन्हा घेणे. आधी घेतलेली एमएमआर लस पुन्हा घेतल्याने सहसा काही अपाय होत नाही. मात्र गर्भवती स्त्रियांना आणि प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांना ही लस देत नाहीत.

हिपॅटायटिस बीचे तीन डोस साधारणपणे ०, १ आणि ६ महिने असे दिले जातात. मोठ्या वयात कांजिण्यांच्या लसीचे दोन डोस किमान चार आठवड्यांच्या अंतराने घ्यावे लागतात. ब्रिटनला पहिल्यांदाच विद्यापीठात जाणाऱ्या तरुणांनी मेनिंगोकोकलची चार प्रकारांवरची लस घेतलेली असावी, असा तिथला सल्ला आहे.

क्षयरोगाची तपासणी

सहा महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी ब्रिटनला जाणाऱ्या भारतीयांना मान्यताप्राप्त केंद्रातच छातीचा एक्स-रे काढून क्षयरोग नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते सहा महिने चालते. गावातल्या केंद्रात काढलेला एक्स-रे त्यासाठी चालत नाही. एक्स-रेमध्ये जुना डाग दिसला तर थुंकीचे कल्चर मागितले जाते आणि त्याच्या अहवालाला सुमारे दोन महिने लागू शकतात. पूर्वी क्षयरोग होऊन गेला असेल तर ही तपासणी सर्वांत आधी करा आणि जुने उपचाराचे कागद सोबत न्या.

अमेरिकी विद्यापीठांसाठी त्वचेच्या चाचणीपेक्षा आयजीआरए ही रक्ततपासणी सोयीची ठरते. लहानपणीच्या बीसीजी लसीमुळे त्वचेची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, आयजीआरएवर मात्र बीसीजीचा परिणाम होत नाही. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे क्षयरोग झालाच असे नाही. जंतू शरीरात सुप्त असू शकतात. अशा वेळी एक्स-रे काढून डॉक्टर पुढचे ठरवतात.

ही तपासणी एमएमआर लस घेण्यापूर्वी किंवा त्याच दिवशी करा. नाहीतर लसीनंतर चार ते सहा आठवडे थांबावे लागते.

नेहमीची औषधे कशी न्यावीत?

- औषधे मूळ पाकिटात, बिलासह ठेवा. सुट्या गोळ्या डबीत भरून नेऊ नका.
- डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्या. त्यात आजाराचे नाव, औषधाचे मूळ म्हणजे जेनेरिक नाव आणि मात्रा असावी. आपल्याकडचे ब्रँड तिथल्या डॉक्टरांना माहीत नसतात.
- नावेही बदलतात. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन, तर दम्याचे सालब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल.
- अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात साधारण तीन महिने पुरतील इतकीच औषधे स्वतःच्या वापरासाठी नेता येतात. जपानमध्ये विशेष परवानगीशिवाय ही मर्यादा एक महिन्याची आहे.
- कोडीन असलेली खोकल्याची औषधे, ट्रामाडॉल, झोपेच्या गोळ्या आणि एडीएचडीची औषधे यांवर अनेक देशांत कडक नियम आहेत. त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर आधी खात्री करा.
- शेजाऱ्यांच्या मुलासाठी दिलेले औषधाचे पाकीट सामानात घेऊ नका. विमानतळावर जाब तुम्हालाच द्यावा लागेल.

प्रतिजैविके तिथे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. म्हणून घरून ढीगभर न्यायची गरज नाही. आजारी पडल्यास डॉक्टरांना दाखवणेच योग्य.

इन्सुलिन घेत असाल तर हे नक्की वाचा

भारतात बाटलीतले इन्सुलिन बहुतेक वेळा ४० युनिट प्रति मिलिलिटर असते आणि त्याची सिरिंजही ४० ची असते. परदेशात बाटली साधारणपणे १०० युनिटची मिळते. तिथली बाटली आणि इथली सिरिंज वापरली तर एकाच वेळी अडीचपट डोस जातो आणि साखर जीवघेणी खाली येऊ शकते. निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून पेनवर जाणे अधिक सुरक्षित, कारण पेनमधले नेहमीचे इन्सुलिन इथेही १०० युनिटचे असते. पेन बदलले तरी इन्सुलिनचा प्रकार आणि मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

इन्सुलिन नेहमी हातातल्या बॅगेत ठेवा. विमानाच्या खालच्या कप्प्यात ते गोठू शकते. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात साखर मिलिमोलमध्ये सांगतात. आपल्या आकड्याला १८ ने भागा: १८० म्हणजे तिथले १०.

आजार लपवू नका, औषध थांबवू नका

"तिकडे कुणाला सांगू नकोस" असा सल्ला प्रेमापोटीच दिला जातो. विशेषतः फिट येणे, नैराश्य किंवा चिंतेचा आजार असेल तर. पण जागरण, वेळेतला फरक आणि एकटेपणा यांमुळे पहिल्या काही महिन्यांतच हे आजार उफाळू शकतात. अपुरी झोप हे फिट येण्याचे नेहमीचे कारण आहे. अशा वेळी शेजारच्या खोलीतल्या मित्राला माहीत असेल तरच तो मदत करील.

व्हिसासाठी जाताना औषध आपणहून बंद करणे धोक्याचे आहे. फॉर्ममध्ये विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे खरी द्या. दमा, थायरॉईड, नियंत्रणात असलेला मधुमेह यांमुळे विद्यार्थी व्हिसा सहसा अडत नाही. खोटी माहिती दिल्याने मात्र अडू शकतो. बहुतेक विद्यापीठांत समुपदेशन केंद्र असते. गरज पडण्याआधीच, पहिल्या महिन्यात, तिथे नाव नोंदवा.

विमा, दात आणि चष्मा

ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांना २०२४ पासून व्हिसासोबत वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो. त्यावर तिथल्या सरकारी सेवेत उपचार मिळतात. ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्यांसाठीचा विमा सक्तीचा आहे, पण आधीपासूनच्या शारीरिक आजारांसाठी सहसा १२ महिने थांबावे लागते. दात आणि चष्मा बहुतेक ठिकाणी विम्यात नसतात. म्हणून किडलेला दात, अक्कलदाढ आणि चष्म्याचा नंबर इथेच तपासून घ्या आणि एक जादा चष्मा सोबत ठेवा.

पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात

- जवळच्या डॉक्टरांकडे किंवा विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात नोंदणी करा.
- तातडीचा क्रमांक फोनमध्ये ठेवा: अमेरिका व कॅनडा ९११, ब्रिटन ९९९, युरोपीय देश ११२, ऑस्ट्रेलिया ०००.
- औषधे संपण्याच्या महिनाभर आधी तिथल्या डॉक्टरांची वेळ घ्या.
- लसीकरणाच्या नोंदी, चिठ्ठ्या, रक्तगट आणि ॲलर्जी यांची एक प्रत फोनमध्ये, तर एक घरी ठेवा.

पालकांसाठी एक सूचना: व्हिडिओ कॉलवर "जेवलास का?" याबरोबर "झोप किती होते? औषध चालू आहे ना?" हेही विचारा. मूल सतत उदास वाटले, बोलणे टाळू लागले किंवा जगण्यात अर्थ नाही असे म्हणाले, तर परीक्षा संपण्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी त्याला तिथल्या डॉक्टरांकडे पाठवा आणि जवळच्या मित्राला सोबत राहायला सांगा.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. देशांचे आणि विद्यापीठांचे नियम बदलतात. आपल्या बाबतीतला निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.*