रेतीतलं सोनं

समुद्रकिनाऱ्यावर कानाला हेडफोन लावून, काठीच्या टोकाची तबकडी वाळूवरून फिरवत चाललेली माणसं तुम्ही टीव्हीवर पाहिली असतील. वाळूखाली धातू असला की यंत्र कुईं करतं. मग तो गृहस्थ गुडघे टेकतो, वाळू चाळतो आणि पोहायला आलेल्या कुणाची तरी हरवलेली अंगठी वर काढतो. अमेरिकेतल्या आमच्या भाच्यानंही असलं यंत्र घेतलंय म्हणे. मी त्याला म्हटलं, अरे, आपल्या भंडाऱ्यात हा धंदा फार जुना आहे. फक्त समुद्र नव्हता आणि यंत्र नव्हतं. नदी होती, रेती होती आणि सोनझारी होते. (आम्ही विदर्भातले लोक वाळूला रेतीच म्हणतो.)

नव्या पिढीला हा शब्द ठाऊक नसेल म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपली वैनगंगा शिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावाजवळ उगम पावते आणि बालाघाटवरून आपल्याकडे येते. त्या बाजूचे खडक अतिप्राचीन. त्यांत कुठेकुठे सोन्याचा अंश आहे. खडक झिजतो, ओढे ते कण वाहून आणतात आणि ते रेतीत मिसळतात. ही रेती लाकडी काठवटीत घेऊन पाण्यात हलवत, हेलकावे देत धुवायची. रेती हलकी, पाण्याच्या जेमतेम अडीचपट जड. सोनं एकोणीस पट. रेती वाहून जाते, तळाशी काळा गाळ राहतो आणि त्यात नशीब असेल तर एखादा पिवळा ठिपका. ते बारीक कण पाऱ्यानं गोळा करायचे आणि पारा तापवून उडवायचा. सोनझाऱ्यांची ही सगळी विद्या. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंडांचा ग्रंथ काढला, त्यात सोनझाऱ्यांवर वेगळं टिपण आहे. आजही महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंडांच्या नोंदीखाली 'सोनझारी झारेका' हे नाव सापडतं.

पण नदीच्या कणांवर पोट भरत नाही. म्हणून हे लोक माणसांनी सांडलेल्या सोन्याकडे वळले. सराफ ओळीतली गटारं, सोनाराच्या भट्टीची राख, दुकानातला केर. मराठीत यासाठी 'झारेकरी' आणि 'धूळधोया' असे शब्द आहेत. आणि तिसरी जागा म्हणजे नदीचा घाट. आपल्याकडे मृताच्या मुखात तुळशीपत्राबरोबर सोन्याचा कण ठेवतात. चिता विझते, राख नदीत जाते आणि तो कणही. आपण तो दिला, सोडला, विसरलो. तो उचलणारा मात्र आपल्याला अपवित्र वाटला.

मी नऊदहा वर्षांचा असेन, म्हणजे १९६० च्या आसपासची गोष्ट. आई उन्हाळ्यात घाटावर कपडे धुवायला गेली आणि मंगळसूत्राची एक वाटी पाण्यात गेली. घरात सुतक पडल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी वडिलांनी एका सोनझारणीला बोलावून आणलं. तिनं आईला दोनच गोष्टी विचारल्या : कोणत्या दगडावर बसली होतीस, आणि तोंड कुणीकडे होतं? मग ती त्या दगडापाशी न शोधता थोडं खालच्या अंगाला, जिथं एका धोंड्याआड पाण्याचा जोर मोडत होता, तिथं बसली. मी विचारलं तर म्हणाली, "सोनं दूर नाही जात रे बाबू, खाली जाते."

पहिल्या दिवशी तिला जाळ्याचं शिसं मिळालं आणि नाकातली एक फुली. आई म्हणाली, ही माझी नव्हे. त्या बाईनं संध्याकाळी आमच्या आळीत घरोघर ती फुली दाखवली. कुणीच ओळखली नाही, तेव्हा पदराला बांधली. दुसऱ्या दिवशी दुपारी वाटी सापडली. वडिलांनी पाच रुपये दिले, आईनं लुगडं दिलं, अंगणात पत्रावळीवर जेवू घातलं. आणि ती गेल्यावर आईनं वाटी गोमूत्रानं धुतली, मगच गळ्यात घातली. आईची कृतज्ञता खरी होती आणि विटाळही खरा होता.

यंत्राचा इतिहास याच्या तुलनेत कालचा. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा ती शोधायला टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनं एक यंत्र जुळवलं होतं. ते अपयशी ठरलं; पलंगातल्या पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला असं सांगतात. दुसऱ्या महायुद्धात कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्यानं सुरुंगशोधक यंत्र तयार केलं आणि १९४२ साली ते अल अलामेनच्या वाळवंटात वापरलं गेलं. युद्ध संपल्यावर अशी यंत्रं हौशी लोकांच्या हाती आली. तबकडीतल्या तारेच्या वेटोळ्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र निघतं, त्यामुळे धातूत किंचित वीज खेळते आणि तिची चाहूल यंत्राला लागते. गंमत म्हणजे पातळ अंगठी आणि अॅल्युमिनियमचा तुकडा यांचा आवाज पुष्कळदा सारखाच येतो. शेवटी खणून बघावंच लागतं.

सापडलेली वस्तू कुणाची, हा प्रश्न दोन्हीकडे तोच. जमिनीत दडलेल्या धनासाठी १८७८ चा निखात निधी कायदा आहे : दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. आणि नुकत्याच हरवलेल्या दागिन्याचा मालक शोधण्याचा रास्त प्रयत्न न करता तो पचवणं हा गुन्हाच; आधी दंड संहितेत होता, जुलै २०२४ पासून न्याय संहितेत आहे. यातलं एकही कलम न वाचता त्या बाईनं फुली घरोघर दाखवली होती, ते मला आज विशेष वाटतं.

पुढे मी मास्तर झालो. वर्गात कधीकधी सोनझाऱ्यांची मुलं असायची. वडील काय करतात म्हटलं की "मजुरी" म्हणायची. दिवाळीनंतर घरच्यांबरोबर गावोगाव निघायची आणि हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणांची रांग लागायची. ज्या पोराला पाणी कुठं मंदावतं आणि जड वस्तू कुठं थांबते हे पाहून कळत होतं, तोच पोरगा घनतेच्या धड्याच्या दिवशी वर्गात नसायचा.

आता गोसीखुर्द धरणाचं पाणी कारध्याच्या पुलापर्यंत तुंबतं. उन्हाळ्यातही उघड्या पडणाऱ्या रेतीच्या पट्ट्या इथं पाण्याखाली गेल्या. जिथं रेती उरली, तिथं ट्रक आणि जेसीबी. रेतीच सोन्याच्या भावानं विकली जाऊ लागल्यावर तिच्यातला कण कोण शोधणार? सोनझाऱ्याची काठवट रेती धुऊन नदीलाच परत करत होती, एवढं तरी आपण लक्षात ठेवावं.

असो. घरातल्या थोरांपैकी कुणाला घाटावरचे सोनझारी आठवत असतील तर त्यांना बोलतं करा आणि लिहून ठेवा. छंद म्हणून तेच काम करणाऱ्यांचं आपण कौतुक करतो. पोटासाठी करणाऱ्यांची निदान नोंद तरी राहावी.