कान दुरुस्त करणारा मुलगा

शुक्रवारची सुट्टी, हातात चहा आणि कानावर आपला कार्यक्रम. आज बोलू या कानाबद्दलच.

आमच्या ओळखीत, इथे जुफेरमध्ये, एक मराठी कुटुंब आहे. बाळ चौदा महिन्यांचं झालं तरी हाक मारल्यावर वळून बघेना. गावाकडून आजीचा फोनवर धीर, "अगं, त्याचा बापही उशिराच बोलला." आई मात्र अस्वस्थ होती. तपासणी झाली आणि कळलं, दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. पुढे शस्त्रक्रिया झाली, आणि आज तो मुलगा आजीशी फोनवर भांडतो! हे ज्यांच्यामुळे शक्य झालं त्यांच्यापैकी एकाची ही गोष्ट.

ग्रॅमी क्लार्क यांचा जन्म १९३५ चा, ऑस्ट्रेलियातल्या कॅमडेन गावचा. वडिलांचं औषधांचं दुकान आणि त्यांना ऐकू कमी यायचं. गिऱ्हाईक बिचारं हळूच काहीतरी खासगी मागायचं आणि वडील म्हणायचे, जरा मोठ्याने बोला! लहानग्या ग्रॅमीने तेव्हाच सांगून टाकलं, मी मोठा होऊन कान दुरुस्त करणार.

तो खरंच कानाचा सर्जन झाला. १९६६ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या ब्लेअर सिमन्स यांचा लेख वाचला: कर्णबधिर माणसाच्या श्रवणाच्या नसेला विजेची संवेदना दिली, तर त्याला आवाज जाणवतो. क्लार्क यांनी चांगली चाललेली प्रॅक्टिस सोडली आणि पुन्हा विद्यार्थी होऊन पीएचडी केली. १९७० मध्ये ते मेलबर्न विद्यापीठात प्राध्यापक झाले. अनेक जाणकार म्हणत होते, हे होणं नाही. पैशासाठी टीव्हीवरून लोकांकडे देणग्या मागाव्या लागल्या.

अडचण काय होती? आतल्या कानातला शंख, म्हणजे कॉक्लिया, वाटाण्याएवढा आणि अडीच वेढ्यांचा. त्यात तारा सरकवायच्या, तेही इजा न करता. १९७७ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर सुट्टीत त्यांनी एका शंखात गवताची पाती घालून पाहिली. टोकाला मऊ आणि मागे हळूहळू ताठ होत जाणारी पात आतपर्यंत सहज गेली. उत्तर सापडलं!

१ ऑगस्ट १९७८. अपघातात ऐकणं गमावलेले रॉड सॉन्डर्स यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. सुरुवातीच्या चाचण्यांत काहीच ऐकू येईना. दोष निघाला तपासणीच्या यंत्रात. तो दूर झाल्यावर राष्ट्रगीताची धून वाजवली, आणि सॉन्डर्स ताठ उभे राहिले. पुढे त्यांना शब्द ओळखता येऊ लागले, तेव्हा क्लार्क शेजारच्या खोलीत जाऊन रडले.

मी आयटीवाला, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. बाहेरचा मायक्रोफोन आवाज घेतो, प्रोसेसर त्याचं कोडिंग करतो, ते रेडिओलहरींनी त्वचेपलीकडे जातं आणि आतले इलेक्ट्रोड थेट नसेला संदेश देतात. म्हणजे प्रत्येक इम्प्लांटवाल्या मुलाच्या डोक्यात एक छोटं रेडिओ स्टेशन चालू असतं!

आपल्याकडे हे तंत्र रुजवणाऱ्या आघाडीच्या सर्जनांपैकी एक म्हणजे मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने. त्यांनी केईएममध्ये पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी घडवले, असंख्य मुलांवर इम्प्लांट केले आणि चक्कर येण्याच्या विकारांवरही मोठं काम केलं. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पण मंडळी, सर्जन कितीही मोठा असला तरी वेळ आपल्याच हातात असते. मेंदूतली भाषेची वाट पहिल्या काही वर्षांतच पडते. जगभरचे तज्ज्ञ एक साधं गणित सांगतात: पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराला सुरुवात. टाळी वाजवून बघणं म्हणजे चाचणी नव्हे. बाळ नुसत्या हालचालीनेही वळतं. आणि शस्त्रक्रियेनंतर खरं काम सुरू होतं: महिनोन्‌महिने वाचाउपचार, रोजच्या गप्पा, गाणी, गोष्टी.

जुफेरच्या त्या आईला कुणीतरी सांगितलं होतं, आता घरात फक्त इंग्रजीच बोला, नाहीतर मूल गोंधळेल. तिने ऐकलं नाही, आणि बरंच केलं. अशी मुलं दोन भाषाही शिकू शकतात. आईवडिलांनी आपल्याला सगळ्यांत सहज येणाऱ्या भाषेत भरपूर बोलावं, हे महत्त्वाचं.

तेव्हा तुमच्या घरात तान्हं बाळ असेल, तर या आठवड्यातच चाचणीचा कागद शोधा. नसेल झाली, तर करून घ्या. आणि त्याच्याशी बोलत राहा, आपल्या मराठीत. भेटू पुढच्या शुक्रवारी!