हस्तिदंताचा गुडघा ते घरातला कमोड

सांधेबदलाच्या ऑपरेशनची तारीख मिळाली की पेशंट माझ्याकडे 'फिटनेस'ला येतात. हातात सर्जनने दिलेला कागद असतो: दात तपासा, शुगर आटोक्यात आणा, तंबाखू सोडा, पायाचे केस घरी ब्लेडने काढू नका, कमोड बसवा, पायपुसणी उचला. "डॉक्टर, ऑपरेशन गुडघ्याचं, मग दात कशाला दाखवायचे?" हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला मात्र मला १८९० सालच्या बर्लिनपर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी थेमिस्टोक्लिस ग्लुक या सर्जनने एका सतरा वर्षांच्या मुलीच्या गुडघ्यात हस्तिदंताचा, बिजागरीसारखा सांधा बसवला. भूल आणि जंतुनाशकं तोवर आली होती, पण प्रतिजैविकं यायला आणखी पन्नास वर्षं होती. मुलीचा गुडघा क्षयरोगाने पोखरलेला होता. ग्लुकने असे आणखीही सांधे बसवले. कल्पना काळाच्या कितीतरी पुढची, पण सांधे टिकले नाहीत. जिथे आधीच संसर्ग आहे तिथे कृत्रिम सांधा तग धरत नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

कारण साधं आहे. धातूला किंवा प्लास्टिकला रक्तपुरवठा नसतो. जंतू त्याच्या पृष्ठभागावर चिकटले की स्वतःभोवती चिकट थर तयार करतात आणि तिथे प्रतिजैविकाचं फारसं चालत नाही. मग कधीकधी बसवलेला सांधाच काढावा लागतो. किडलेल्या दाढेतले, लघवीतल्या संसर्गातले किंवा पायाच्या चिखल्यांमधले जंतू रक्तावाटे सांध्यापर्यंत पोचू शकतात. म्हणून दात, लघवी आणि त्वचा आधी बघायची. ब्लेडने त्वचेवर बारीक ओरखडे पडतात आणि जंतूंना आयती वाट मिळते, म्हणून केस घरी काढायचे नाहीत.

ग्लुकनंतर काच, धातू, अ‍ॅक्रिलिक असं बरंच काही वापरून झालं, त्यात फार रमण्यासारखं नाही. खरी गोष्ट इंग्लंडमधल्या जॉन चार्नली यांची. अ‍ॅक्रिलिकचा खुबा बसवलेला एक पेशंट त्यांच्याकडे आला. हालचाल केली की त्याचा सांधा करकर वाजे आणि बायकोला तो आवाज असह्य होई. चार्नलींना त्यात घर्षणाचा प्रश्न दिसला. लँकेशायरमधल्या राइटिंग्टन या मूळच्या क्षयरोग रुग्णालयात त्यांनी टेफ्लॉनची वाटी आणि स्टीलचा गोळा वापरायला सुरुवात केली. पेशंट आनंदाने चालू लागले, पण दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजलं आणि त्याच्या कणांनी आजूबाजूचं हाड खराब झालं. असे सुमारे तीनशे पेशंट होते.

१९६२ मध्ये एक विक्रेता यंत्रमागांच्या दातेरी चाकांसाठी लागणारं पॉलिथिलीन घेऊन आला. चार्नलींनी ते बाजूला सारलं, पण त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी ते झिजेच्या यंत्रावर चढवलं. टेफ्लॉन एका दिवसात जेवढं झिजे तेवढं हे कित्येक आठवड्यांत झिजलं नाही. त्याच वर्षी ते पेशंटमध्ये बसवलं गेलं. आजच्या सांध्यांतलं प्लास्टिक त्याच घराण्यातलं आहे. या शोधात मला क्रेव्हनचा वाटा कायम मोठा वाटत आला आहे.

चार्नलींच्या सांध्याचा गोळा जेमतेम २२ मिलिमीटरचा होता. छोट्या गोळ्याने झीज कमी होते, पण खुबा वाटीबाहेर निसटायची भीती वाढते. खुबा बदललेल्यांना खाली बसू नका, पायावर पाय टाकू नका, झोपताना दोन पायांत उशी ठेवा असं सांगितलं जातं, त्यामागे ही भीती आहे. आता गोळे मोठे असतात आणि काही सर्जन हे नियम सैल करतात. आपल्याला कोणते लागू आहेत ते आपल्याच सर्जनला विचारा, शेजाऱ्यांना नको.

सुरुवातीला चार्नलींच्या पेशंटपैकी शंभरात सात-नऊ जणांना संसर्ग होई. हवेतले जंतू जखमेत पडतात या संशयावरून त्यांनी गाळलेल्या हवेची खोली बनवून घेतली, तीही बिअरच्या कारखान्यांना हवा गाळायची यंत्रं पुरवणाऱ्या माणसाकडून! इतरही काळजी घेतली आणि प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं.

उरलेल्यातला मोठा भाग पेशंटच्या स्वतःच्या हातात असतो. डेन्मार्कमध्ये खुबा किंवा गुडघा बदलणार असलेल्या १२० धूम्रपान करणाऱ्यांचा अभ्यास झाला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा-आठ आठवडे आधी ज्यांना सिगारेट सोडायला मदत मिळाली त्यांच्यात गुंतागुंत १८ टक्के झाली, इतरांत ५२ टक्के. एवढा फरक पाडणारी गोळी माझ्याकडे नाही. शुगरचंही तसंच आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर आठच्या वर असेल तर मी तारीख पुढे ढकलायला सुचवतो. पेशंट रागावतात, रागावू देत. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

पूर्वी पेशंट ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे रुग्णालयातच असत, त्यामुळे घराचा विचार कुणी फारसा करत नसे. १९९० च्या दशकात डेन्मार्कचेच हेन्रिक केलेट यांनी आतड्याच्या ऑपरेशननंतर पेशंटना लवकर उठवून चालवायला सुरुवात केली. ती पद्धत पुढे सांध्यांकडे आली. आता पेशंट बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभा राहतो आणि तीन-चार दिवसांत घरी येतो. म्हणजे पूर्वी वॉर्डात जाणारे सगळ्यात नाजूक दिवस आता तुमच्या न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात जातात.

आणि आपली घरं जमिनीलगतची! १९७४ मध्ये न्यूयॉर्कला जो गुडघा बसवला गेला, ज्यावरून आजचे बहुतेक गुडघे घडले, तो जेमतेम ९० अंशांच्या आसपास वाकायचा. खुर्चीला तेवढं पुरतं. आजचे गुडघे जास्त वाकतात, तरी उकिडवं बसणं बहुतेकांना जमत नाही, जमलं तरी सांध्याला ते मानवत नाही. म्हणून भारतीय संडास असेल तर कमोडची सोय ऑपरेशनच्या आधी करा. घरी आल्यावर गवंडी बोलावू नका. शेजारच्या भिंतीत पक्का दांडा बसवा. टॉवेलची दांडी माणसाचा भार पेलत नाही. खुर्ची हातांची आणि उंच हवी, बसल्यावर गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत. वॉकर आधीच आणून संडासाच्या दारातून जातो का ते बघा. बरेचदा जात नाही! रोजचे डबे कमरेच्या उंचीवर आणा. देवघर जमिनीवर असेल तर काही महिने पूजा उभ्याने किंवा दुसऱ्या कुणाच्या हातून होऊ द्या. मोबाइलची वायर आणि नातवंडांची खेळणी वाटेत नकोत, आणि रात्री संडासाच्या वाटेवर दिवा असू द्या. सर्जनने दाखवलेले मांडीचे व्यायाम आजपासूनच सुरू करा. ऑपरेशननंतर दुखऱ्या पायाने नवं शिकण्यापेक्षा आधीच सवय झालेली बरी.