मुशायरा : लाहोरच्या बैठकीतून आमच्या वर्गात

दरवर्षी 9 नोव्हेंबरला, अल्लामा इक्बाल यांच्या जन्मदिनी, उर्दू दिनाच्या निमित्ताने आम्ही वर्गात मुशायरा भरवतो. बाके भिंतीला लावायची, सतरंज्या अंथरायच्या, मुलांनी पाठ केलेली नज्म म्हणायची आणि घरच्यांनी ऐकायची, असा हा रिवाज. पण मुलांच्या आया-दाद्या येतात, मागे बसतात आणि एक शब्दही न बोलता परत जातात. त्यांच्यासाठी जागा का उरली नाही, याचा विचार करताना आम्हाला मुशायऱ्याच्या इतिहासाकडे वळावे लागले.

दिल्लीच्या जुन्या मुशायऱ्यात 'मिसरा-ए-तरह' आधी कळवला जाई. दिलेल्या ओळीचे वृत्त आणि काफिया-रदीफ सांभाळून प्रत्येकाने गझल रचायची. शमा ज्याच्यापुढे येईल त्याने वाचायचे. शागीर्द उस्तादाकडून आपले शेर तपासून घेत. एका अर्थाने तीही शाळाच होती. 1857 च्या उठावानंतर ती दिल्ली उजाड झाली.

मुशायरा आजच्या अर्थाच्या शाळेशी जोडला गेला तो 1874 साली, लाहोरमध्ये. 1865 मध्ये स्थापन झालेल्या अंजुमन-ए-पंजाबने नव्या धर्तीचे मुशायरे सुरू केले. त्यामागे दिल्लीहून आलेले मुहम्मद हुसैन आझाद आणि पंजाबच्या शिक्षण खात्याचे प्रमुख कर्नल हॉलरॉइड होते. आता ओळीऐवजी विषय दिला जाऊ लागला : पाऊस, हिवाळा, आशा, देशप्रेम. हॉलरॉइड यांना शाळेच्या पुस्तकांत घालता येतील अशा नज्मा हव्या होत्या. अल्ताफ हुसैन हाली तेव्हा लाहोरच्या सरकारी बुक डेपोत भाषांतरांची उर्दू सुधारण्याचे काम करीत. त्यांची 'बरखा रुत' याच मुशायऱ्यांतली. हे मुशायरे फार काळ चालले नाहीत, पण आमची मुले आज जी नज्म म्हणतात तिची वाट तिथूनच आली आहे.

यात मिळाले पुष्कळ. भाषा सोपी झाली, पाऊस आणि झाडे कवितेत आली. पण काही हरवलेही. मुशायऱ्यात ऐकणारा दाद देतो, 'मुकर्रर' म्हणतो, म्हणजे तोही सहभागी असतो. वर्गात त्याचे पाठांतर झाले आणि पाठांतराला गुण मिळू लागले. शिवाय त्या बैठका पुरुषांच्याच होत्या.

गंमत अशी की त्याच 1874 साली हालींचे 'मजालिस-उन-निसा' हे पुस्तक आले. ते घरातल्या बायकांच्या संवादांतून मुलींच्या तालीमची गोष्ट सांगते, तीही त्यांच्याच बोलीत. पुढे ते मुलींच्या शाळांत शिकवले गेले. 1884 मध्ये त्यांनी 'मुनाजात-ए-बेवा'त एका विधवेच्या तोंडची साधी भाषा कवितेत आणली. उर्दूचा पहिला मदरसा आईची मांडी आहे, हे हालींनी ओळखले होते.

आपल्या दख्खनला तर हे आधीपासून ठाऊक होते. विजापूरच्या सूफी परंपरेत दखनीतले चक्कीनामे, चरखानामे आणि लोरीनामे होते. दळताना, सूत कातताना, मूल निजवताना म्हणायची ही गाणी. मराठी जात्यावरच्या ओवीची ही सख्खी शेजारीण. वली आणि सिराज औरंगाबादी पाठ्यपुस्तकात आहेत. चक्कीनामा आम्ही शिकवलेल्या पुस्तकांत आम्हाला कुठे दिसला नाही.

म्हणून गेल्या खेपेस आम्ही लाहोरसारखा विषय दिला, 'पाऊस', आणि सोबत एक गाणे घरातून आणायला सांगितले. एका मुलीच्या दादीने जात्यावरचे गाणे म्हटले, अर्धे दखनी, अर्धे मराठी. नात लाजून म्हणाली, "दादी, साफ उर्दू में बोलो ना!" दादी थांबल्या. आम्हीच 'मुकर्रर' म्हटले, मग मुलांनीही म्हटले, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हटले.

नंतर एका वडिलांनी विचारले, "मास्तर, घरची बोली घरी आहेच. शाळेत शुद्ध उर्दू शिकवा. दहावीला काय लिहिणार?" त्यांची काळजी खोटी नाही. प्रमाण उर्दू शिकवणे आमचे कामच आहे, त्यात कसूर चालणार नाही. पण आपल्या दादीच्या भाषेची लाज वाटणारे मूल उर्दूतही मोकळे बोलत नाही, हे आम्ही रोज पाहतो. लाहोरने मुशायरा पुस्तकात नेला. आता पुस्तकातून तो पुन्हा माणसांत आणायचा, तर सतरंजीची पहिली रांग आया-दाद्यांसाठी ठेवावी लागेल.